जीपच्या पाट्यांना दिलेला रंग

प्रल्हादभाऊजी,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा तेरवी आहे आणि मला तिची भीती वाटते आहे. स्वयंपाकाची नाही, पाहुण्यांची नाही. ते सगळं कागदावर मांडून झालं आहे. भीती आहे ती तुमच्या दादांच्या बोलण्याची. जेवणाआधी ते तुमच्याबद्दल चार शब्द बोलतील आणि त्यात ते एक वाक्य येईलच. गेल्या सव्वीस वर्षांत जिथे जिथे तुमच्या कामाची तारीफ झाली, तिथे तिथे ते आलं आहे. "हात सोन्याचा होता, पण आमच्याच जीपीले चुकला." लोक मान हलवतात. मी पदर सारखा करते आणि गप्प बसते. तुम्हीही गप्प बसायचात.

चूक तुमची नव्हती, माझी होती. हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. आता ते मला एकटीलाच माहीत आहे, आणि हे अकरा दिवस मला नीट जेवता आलेलं नाही.

बोलते आहे तुमच्याशी, पण हे वाचणार आहेत माझी नातवंडं, ईशान आणि रेवा. तिकडे हॉलंडमध्ये माझी मेधा त्यांना माझी पत्रं मोठ्याने वाचायला लावते. तुम्ही त्यांचे 'पाटेवाले आबा'. रेवाने एकदा विचारलं होतं, पाटे म्हणजे काय, तर तुम्ही फोन तसाच एका ट्रकखाली धरलात. तिला नुसता अंधार दिसला, आणि तुमचा अंगठा. म्हणून आधी पाटे काय ते सांगते. ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझ्या लग्नानंतर वर्षभरात तुम्ही नांदुरा रोडवर दुकान टाकलंत. मी कॉलेजात इंग्रजी शिकलेली. मला वाटायचं गाडी म्हणजे इंजिन. तुम्ही मला उलट्या डब्यावर बसवलंत आणि म्हणालात, "इंजिन गाडी पळवते वहिनी. पण गाडी बसते कशावर? पाट्यावर." एका मालवाहू गाडीच्या मागच्या चाकाशी पोलादाच्या रुंद पट्ट्यांची चळत दिसत होती. सर्वांत लांब पट्टी वर, मग खाली खाली आखूड होत गेलेल्या, आणि सगळ्यांना हसऱ्या ओठांसारखा बाक. मी म्हटलं, प्रार्थनेला आम्ही मुली उंचीप्रमाणे उभ्या करतो, तशा. तुम्हाला ते फार आवडलं. पुढे किती वर्षं तुम्ही येणाऱ्या ड्रायव्हरांना सांगायचात, "आमच्या वहिनी मास्तरीण हायेत. त्या म्हनते, पाटे म्हणजे पोरींची लाइन."

वरच्या लांब पट्टीला मेन पाटा म्हणतात. तिची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. पुढच्या डोळ्यातून खीळ घालून तो गाडीच्या सांगाड्याला पक्का जोडतात. मागचा डोळा मात्र झुलत्या पट्टीवर टांगलेला असतो, कारण ओझं पडलं की बाक सरळ होतो, सरळ झाला की पाटा लांबतो, आणि लांबायला त्याला जागा लागते. मधोमध एक बोल्ट सगळी चळत धरून ठेवतो. मग इंग्रजी यू अक्षरासारखे दोन वाकडे बोल्ट ती चळत चाकांच्या आसाला आवळून बांधतात. म्हणजे पाटा नुसते धक्के खात नाही. चाक जागेवर कुणी धरलं आहे, तर पाट्यानं. पाटा तुटला तर चाकं मागेपुढे सरकतात आणि ती नेतील तिकडे गाडी जाते.

पाट्यांची निगा कशी राखायची, तेही तुम्हीच शिकवलंत. नवे बोल्ट आवळले की चार दिवस गाडी चालवून पुन्हा आवळायचे, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड ढिली होते. गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजायची. एक बाजू बसली असेल तर ती काहीतरी सांगते आहे. आवाज ऐकायचा. "पाटा अगोदर बोलते वहिनी, मंग तुटते. ऐकणारा पाहिजे." आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वर्षातून एकदा तरी पाटे धुऊन, पुसून, कोरडे करून उजेडात पाहायचे. चीर गेली असेल तर तिच्यातून गंजाचं पाणी झिरपतं. स्वच्छ पोलादावर केसाएवढी तांबडी रेघ दिसते. ती दिसली की गाडी जागची हलवायची नाही.

ती रेघ मी बुजवली.

मुलांनो, त्या वेळी आमच्याकडे एक जुनी जीप होती. पिंपळगाव राजाच्या शेतावर जायला, आणि एरवी माझ्या शाळेच्या कामाला. दसऱ्याच्या आठ दिवस आधी भाऊजी मला म्हणाले होते, "डाव्या अंगानं आवाज येऊन राह्यला. मले आवडला नाही. धुतली का मले दाखवा. मंग तुमची पूजा अन् रंगरंगोटी." मी हो म्हटलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जीप धुतली. पाटे गंजलेले, चिखलाने माखलेले. माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. घरात सगळं पुसलेलं, तोरणाची फुलं ओवलेली, आणि पूजेला ही अशी गाडी उभी करायची? भाऊजी, तुम्हाला दोनदा निरोप पाठवला. तुमच्या दुकानात सणाची गर्दी होती. मग मी स्वतः काळा ऑइलपेंट आणला, फडक्याने पाटे पुसले आणि ब्रशने दोन हात दिले. मी रंग फार नीट देते. सगळ्या फटी भरल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्या पांढऱ्या सदऱ्यात सोनं द्यायला आलात. दारातच जीप होती. सोनं माझ्या हातात न देता तुम्ही तसेच खाली वाकलात.

"हे काय केलं वहिनी?"

"रंग दिला. बघा, कसे नव्यासारखे दिसतात."

"मी म्हनलं होतं ना, मले दाखवा अगोदर."

"तुम्ही आलाच नाहीत. दसरा थांबतो का तुमच्यासाठी?"

"आजाऱ्याले पावडर लावून मांडवात बसवलं तुमी. आता मले काय दिसन याच्यात?"

मी हसले. खरंच हसले, भाऊजी. ते हसू मला अजून ऐकू येतं. तुम्ही म्हणालात, रॉकेल द्या, अर्ध्या घंट्यात खरडून पाहतो. सणाच्या दिवशी ताजा रंग खरडायचा म्हटल्यावर मला राग आला. सोमवारी मुलींना वक्तृत्व स्पर्धेसाठी बुलढाण्याला न्यायचं होतं. मी म्हटलं, तिथून आलो की करा.

"दादाले सांगू का?"

"कशाला? उगीच मला बोलतील."

तुम्ही उभे राहिलात. सदऱ्याला गुडघ्याजवळ माती लागली होती. "मंग पोरी तरी कमी बसवा," असं म्हणालात. मी हो म्हटलं आणि सोमवारी ठरल्या होत्या तेवढ्या सगळ्या बसवल्या. नऊ मुली. त्यांतली एक माझी मेधा, तेरा वर्षांची. पुढे तुमचे दादा आणि मी.

जाताना काही झालं नाही. चढावर मागून बारीक कुईकुई येत होती. मुलींच्या गाण्यात ती बुडून गेली. परतताना बोथ्याच्या घाटात उतार लागला. मुली जिंकलेली ढाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पाळीपाळीने. एका वळणाआधी दादांनी ब्रेक दाबला आणि मागे डाव्या बाजूला आवाज झाला. मोठा नव्हता. बाजेची पट्टी तुटावी तसा कडक, कोरडा आवाज. जीप डावीकडे बसली, आणि मग दरीच्या बाजूला ओढली जाऊ लागली. दादांच्या हातातलं स्टिअरिंग एकीकडे वळत होतं आणि गाडी भलतीकडे जात होती. मुली ओरडल्या नाहीत. ते मला सगळ्यांत भयंकर वाटतं. नऊ मुली एकदम गप्प झाल्या. मी मागे वळून पाहिलं तर मेधा माझ्याकडे बघत होती, वर्गात उत्तर येत नसलं की बघायची तशी.

दादांनी जोर लावून गाडी डोंगराच्या बाजूला घातली. पुढचं चाक नालीत गेलं आणि आम्ही थांबलो. सुनीताचं मनगट मोडलं. बाकीच्यांना खरचटलं. खाली उतरून मी मुली मोजल्या. नऊ भरल्या. पुन्हा मोजल्या. बुलढाण्याकडून एक ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरने आम्हाला खाली आणलं, आणि त्या सगळ्या वाटेत मी मुली मोजतच होते.

संध्याकाळी दादा तुमच्या दुकानात गेले. मी मागोमाग गेले, सांगायला गेले होते. खरंच सांगायला गेले होते.

"काऊन बे प्रल्हाद? दसऱ्याले पाहिली होती ना तू गाडी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एक क्षण. मी खाली पाहिलं.

"हाव दादा. पाहिली होती."

"मंग?"

"नजर चुकली."

"नजर चुकली? अकरा जीव होते बे त्याच्यात! तुझी पुतणी होती!"

तुम्ही खाली मान घालून उभे राहिलात. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यानंतर दादांनी आपली गाडी तुमच्या दुकानात कधी लावली नाही. शेगावला न्यायचे. घरी येणंजाणं राहिलं, भाऊबीज राहिली, पण दुकानाची पायरी ते चढले नाहीत. खामगावात लोक बोलत. सख्खा भाऊ ज्याच्याकडे गाडी लावत नाही, त्याच्याकडे आपण का लावायची? तुमचं काम इतकं चांगलं होतं म्हणून दुकान टिकलं. पण मोठ्या ट्रकवाल्यांपैकी काही गेले ते गेलेच. मला एकेकाचं नाव माहीत आहे.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला तुटलेला तुकडा दाखवलात. मेन पाटा पुढच्या डोळ्यापासून चार बोटं अलीकडे तुटला होता. तुटलेली जागा अर्धी मळकट आणि अर्धी चकचकीत. "हे चकचकीत आहे ना, हे घाटात तुटलं. हे मळकट जुनं. अन् हे पाहा." जुन्या भागाच्या कडेला काळी किनार होती. माझा ऑइलपेंट. चिरेत उतरून वाळला होता. म्हणजे मी ब्रश फिरवला तेव्हा चीर तिथेच होती, माझ्या हाताखाली.

आणि आणखी एक दाखवलंत. पावसाळ्याआधी तुम्ही त्या चळतीतला दुसरा पाटा बदलला होता. ट्रकच्या जुन्या पाट्यातून तो स्वतः घडवला होता, आणि त्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती अर्धं वळवून घेतलं होतं. तेव्हा दादा म्हणाले होते, "एवढं काऊन करून राह्यला? ही काय फौजेची गाडी हाय?" वरचा तुटला तेव्हा त्या खालच्या पाट्याने चाक जेवढं जमलं तेवढं धरून ठेवलं. म्हणून दादांना गाडी वळवता आली. ईशान, रेवा, तुमची आई आज आहे ती त्या वळवलेल्या टोकामुळे. हे वाक्य मी या कागदावर आधी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

मी म्हटलं, मी आजच दादांना सांगते.

"काऊन?"

"खरं आहे म्हणून."

"वहिनी, दुकानाले चार शिव्या पचतात. मायबाप तुमच्या भरवशावर पोरी पाठवते. उद्या पाठवतीन का? खेड्यातल्या पोरी. एकदा बंद झाल्या का झाल्या."

"म्हणून तुम्ही माझं नाव झाकायचं?"

"तुमचं नाही झाकत. पोरींसाठी बोलून राह्यलो."

आपलं भांडण झालं. मी तुम्हाला हट्टी म्हटलं, तुम्ही मला 'लय शिकेल' म्हणालात. मी तणतणत घरी आले, ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही तो तुकडा भट्टीत घातलात आणि ठोकून त्याचा विळा केलात, कुणा शेतकऱ्याला देऊन टाकलात. नंतर मी दरवर्षी दसऱ्याला विषय काढायची आणि तुम्ही दरवर्षी उडवून लावायचात. "यंदा कोणता रंग देता वहिनी?" तुम्ही हसलात की मीही हसायची. मी निवृत्त झाले, तेव्हा मुली पाठवण्या-न पाठवण्याचा प्रश्न संपला होता. तरी मी बोलले नाही. ती वर्षं तुमच्या नावावर टाकता येत नाहीत. ती नुसती माझ्या भीतीची आहेत.

घाटानंतर मी कुठल्याही गाडीत निवांत बसलेली नाही. रिक्षा असो, एसटी असो, मागून कुईकुई आली की मांड्या आवळल्या जातात. मेधा मुलांना घेऊन विमानाने येते तेव्हा विमानाची काळजी मला लागत नाही. तिच्यासाठी पाठवलेल्या टॅक्सीची लागते. तिकडचे रस्ते गुळगुळीत आहेत, आई, असं ती म्हणते. मी तिला पाट्यांबद्दल विचारते. ती हसते.

दवाखान्यात तुम्हाला भेटले तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती. तुमचा गणेश बाहेर गोळ्या आणायला गेला होता. मी म्हटलं, भाऊजी, आता मी सांगतेच. मला वाटलं नेहमीसारखं उडवून लावाल. तुम्ही छताकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, "दादा एकडाव दुकानात आला असता तं बरं वाटलं असतं."

सव्वीस वर्षांत एवढंच. मी तेव्हाच उठायला हवं होतं, दादांना दुकानात नाही तर निदान दवाखान्यात तरी आणायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही घरी आलात की नीट बसून, क्रमाने सांगू. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आज दुपारी सांगितलं. दादा ओसरीवर तेरवीची यादी बघत होते. मी म्हटलं, तीन गोष्टी सांगायच्या आहेत, मध्ये बोलू नका. पाट्यांना रंग मी दिला. प्रल्हादभाऊजींनी मला थांबवलं होतं, मुली कमी बसवायला सांगितल्या होत्या, मी ऐकलं नाही. आणि आपण वाचलो ते त्यांच्या हातच्या दुसऱ्या पाट्यामुळे. तिसरी गोष्ट मला दोनदा सांगावी लागली.

 दादा यादी तशीच हातात धरून होते. मग म्हणाले, "मी चारचौघांत बोलत होतो. अन् तू ऐकत होती."

"हो."

"दरवेळी?"

"दरवेळी."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर सोपं झालं असतं. ते उठले, खुंटीवरची पिकअपची किल्ली घेतली आणि बाहेर गेले. मी पायात चपला अडकवून मागे धावले. शहात्तराव्या वर्षी रागाच्या भरात गाडी चालवणारा माणूस, आणि शेजारी मी.  गाडी नांदुरा रोडला वळली तेव्हा मला कळलं.

दुकानाचं शटर खाली होतं. मागच्या घरातून गणेश आला, नुकतंच डोकं भादरलेलं. "मोठे बाबा, काय झालं? गाडीले काई झालं का?"

"काई नाही झालं. पाटे पाहून दे."

"तेरवीपरेंत पाना धरता येत नाही ना, मोठे बाबा."

"मले माहीत नाही का? आज नको पाहू. इथंच राहू दे." त्यांनी पिकअप बरोबर शटरपुढे, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी उभी केली आणि किल्ली गणेशच्या हातात ठेवली. "तेरवी झाली का पाह्य. नीट पाह्य."

गणेश किल्लीकडे बघत राहिला. त्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, "मोठी आई?" म्हणाला. मी रिक्षा शोधायला रस्त्याकडे वळले.

रिक्षात दादा म्हणाले, "परवा मी नाही बोलत. तू बोल."

"मी?"

"तूच. मी सांगतलं तं लोक म्हनतीन, भाऊ गेला म्हणून झाकून राह्यला. तुह्या तोंडून येऊ दे."

भाऊजी, मी अडतीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले. कधी भीती वाटली नाही. आता वाटते आहे. परवा मलकापूरहून सुनीता येणार आहे. तिचं मनगट पावसाळ्यात अजून दुखतं, आणि ती तुमच्या पाया पडायला येते आहे. तिची आई येणार आहे, तिने मला तेव्हा एका शब्दानेही विचारलं नव्हतं. ते ट्रकवाले येतील. तुमची सून, तुमची नातवंडं येतील. आणि गणेश. तो बारा वर्षांचा होता तेव्हापासून त्याने ऐकलं आहे, की त्याच्या बाबांच्या हातून एकदा मोठी चूक झाली. तो दुकानात प्रत्येक पाटा दोनदा तपासतो, ते त्यामुळेच. मला मोठी आई म्हणतो. परवानंतर म्हणेल की नाही, मला माहीत नाही.

सुरुवात कशी करायची ते ठरवून ठेवलं आहे, कारण सुरुवात चुकली तर मी रडेन, आणि मी रडले की बायका मला आत नेतील आणि सगळं तसंच राहील. आधी वाटलं, प्रसंग सांगावा, मग कारण, मग चूक. तसं नको. एवढ्या लोकांत मला एकाच माणसाकडे बघून बोलता येईल, आणि त्याच्याकडेच बघायची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. आज खोलीचं दार लावून पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

गणेश, तुझ्या बाबांची नजर चुकली नव्हती.